बडोद्याच्या एका वाचनालयात कर्नेलच्या यादीतून जुन्या फाइल सिस्टीम वगळताना: एक प्रकरण अभ्यास

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला एका खासगी विश्वस्त संस्थेचे मराठी वाचनालय आहे. तेथील संगणकांची देखभाल मी आणि माझा एक सहकारी गेली नऊ वर्षे करीत आलो आहोत. २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आम्ही वाचनकक्षातील बारा संगणकांसाठी लिनक्स कर्नेलची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याची, नवी बांधणी केली. ते करताना कर्नेलच्या मूळ मांडणीच्या फाइलीतून, म्हणजे रोजच्या बोलण्यात जिला आम्ही डिफकॉन्फिग म्हणतो तिच्यातून, कालबाह्य झालेल्या फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती, वगळल्या. वगळलेल्या ओळी मोजल्या तर त्या दहाच भरतात. त्या दहा ओळींना पाच महिने का लागले आणि त्यांतली एक ओळ पुसताना आमच्या हातून केवढी मोठी चूक होणार होती, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण एकदा लिहिलेली मांडणी पंधरा-वीस वर्षे तशीच पुढे नेणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत.

वाचनकक्षातील संगणक जुने असून त्यांत स्वतःची डिस्क नाही. ते सुरू होताच सर्व्हरकडून नेटवर्कवरून कर्नेल मागवून घेतात. ही रचना ज्यांनी प्रथम बसवली त्यांनी सुटी मॉड्यूल (गरजेपुरते चढवता येणारे कर्नेलचे वेगळे तुकडे) सांभाळण्याचा व्याप नको म्हणून, लागेल ते सारे कर्नेलच्या एकाच प्रतिमेत, म्हणजे एका तयार फाइलीत, बांधून टाकले होते. फाइल सिस्टीमचा कोड मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवला, तर तो गरज पडेपर्यंत मेमरीत येत नाही आणि तो आपोआप चढू नये अशी व्यवस्थाही करता येते. ओपनसुसेसारख्या वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, क्वचित वापरल्या जाणाऱ्या फाइल सिस्टीमांची अशी मनाई-यादी बऱ्याच वर्षांपासून ठेवली आहे. आमच्या रचनेत ही पायरीच नव्हती. ज्या फाइल सिस्टीमच्या नावापुढे होकार लिहिलेला, तिचा कोड प्रत्येक यंत्रात, प्रत्येक वेळी, कोणी मागो वा न मागो, हजर असे.

डिफकॉन्फिग २००८ च्या सुमारास, कर्नेल २.६ च्या काळात लिहिलेली होती आणि पुढची प्रत्येक नवी आवृत्ती तिच्यावरूनच बांधली जात होती. मिनिक्स, सिस्टीम फाइव्ह, क्रॅमएफएस, एचएफएस, एचएफएस प्लस, जेएफएस, रायझरएफएस, जुना एनटीएफएस, एक्स्ट-२ आणि एक्स्ट-३ अशी तिच्यातली रांग होती. ती लिहिणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी कोण कोणती डिस्क घेऊन येईल हे सांगता येत नसे आणि डिस्क वाचता आली नाही तर ती नामुष्की समजली जाई. शिवाय मूळ मांडणी ही जो प्रश्नच विचारत नाही त्याच्या वतीने घेतलेला निर्णय असते, आणि असा निर्णय पुन्हा तपासायला कोणी सहसा येत नाही.

तपासण्याची वेळ आणली ती रायझरएफएसने. २००१ च्या प्रारंभी कर्नेल २.४.१ मध्ये दाखल झालेली ही मुख्य कर्नेलमधली पहिली जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंदवही, ठेवणारी फाइल सिस्टीम होय. वीज गेल्यावर तासभर चालणारी तपासणी तिने मिनिटांवर आणली, त्यामुळे सुसेने ती आपल्या वितरणात कित्येक वर्षे मुख्य निवड म्हणून ठेवली होती. पुढे एक्स्ट-३ आणि एक्स्ट-४ स्थिरावल्या आणि रायझरएफएसकडे पाहणारे कमी होत गेले. कर्नेलमध्ये सर्व फाइल सिस्टीमांच्या वर एक सामाईक थर असतो. त्या थरात सुधारणा करायची झाली की खालच्या प्रत्येक फाइल सिस्टीमचा कोड त्याप्रमाणे बदलावा लागतो आणि बदललेला कोड खऱ्या डिस्कवर चालवून पाहावा लागतो. चालवून पाहणारा कोणी उरला नाही, की तो कोड बाकीच्यांच्या पायातली बेडी होतो. २०२२ मध्ये कर्नेलच्या विकासकांपैकी मॅथ्यू विलकॉक्स यांनी रायझरएफएस काढण्याचा विषय मांडला तो याच कारणाने. त्याच वर्षीच्या ५.१८ आवृत्तीत, २०२५ मध्ये ही फाइल सिस्टीम काढली जाईल, अशी सूचना घालण्यात आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१३ मध्ये जान कारा यांच्या हातून ती प्रत्यक्ष काढली गेली. सिस्टीम फाइव्ह तिच्या मागोमाग, ६.१५ मध्ये गेली. जवळपास तीन वर्षांची मुदत मिळाली होती. आमच्यापुरते बोलायचे तर त्यातली पहिली दोन वर्षे आम्ही वाया घालवली.

दुसरे कारण वाचकांच्या पेन ड्राइव्हचे होते, आणि माझ्या मते तेच अधिक वजनाचे आहे. वाचनकक्षात वाचक पेन ड्राइव्ह लावतो, संगणक त्यावरची रचना ओळखतो आणि ती सर्वोच्च अधिकाराने माउंट करतो, म्हणजे वापरासाठी जोडून घेतो. जुन्या फाइल सिस्टीमांचा कोड डिस्कवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून चालतो, कारण तो लिहिला गेला तेव्हा डिस्क ही मालकाच्याच हातातली वस्तू होती. एखाद्याने मुद्दाम बिघडवलेली रचना पेन ड्राइव्हवर घालून आणली, तर तो विश्वास थेट कर्नेलच्या आत घात करतो. २०१७ पासून सिझबॉट ही गूगलची स्वयंचलित चाचणी-व्यवस्था अशाच बिघडवलेल्या प्रतिमा कर्नेलसमोर ठेवून दोष शोधते आहे, आणि ज्यांना देखभाल करणारा नाही अशा फाइल सिस्टीमांचे दोष तिच्या यादीत पडून राहतात. आमच्या वाचकांपैकी कोणी असे करील असे मला वाटत नाही. पण बारा उघड्या यूएसबी खाचांमागे, ज्याचा उपयोग कोणालाच नाही असा न तपासलेला कोड उभा ठेवायला त्यामुळे समर्थन मिळत नाही. आकाराचा मुद्दा मात्र मी बाजूला ठेवतो. दहा ओळी गेल्यावर कर्नेलची प्रतिमा अर्धा मेगाबाइटही लहान झाली नाही.

तेव्हा ठरवले की यादी छाटायची, पण छाटण्यापूर्वी संस्थेकडे असलेली प्रत्येक डिस्क पाहायची. सर्व्हरमधली, डिजिटायझेशनच्या खोलीतली आणि कपाटातलीही. पहिल्या दोन जागा एका दिवसात झाल्या. सर्व्हरवर एक्स्ट-४ आणि एक्सएफएस होत्या, डिजिटायझेशनच्या खोलीत त्यांखेरीज एचएफएस प्लसच्या दोन बाह्य डिस्क होत्या, वाचकांच्या पेन ड्राइव्हमध्ये फॅट, एक्सफॅट आणि थोड्या एनटीएफएस. कपाटात काही नाही असे आम्हाला सांगण्यात आले.

तेवढ्यात ग्रंथपाल बाईंना आठवण झाली. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तळमजल्यावरचे सामान घाईघाईने वरच्या मजल्यावर नेले गेले होते. त्यातली एक पेटी कोणी उघडलीच नव्हती. "अहो, त्या पेटीत तुमच्याच कामाचं काहीतरी दिसतंय," बाई म्हणाल्या, "पण ते चालू असेल असं नाही वाटत. टाकून द्यायचं असेल तर आधी मला दाखवा." पेटीत दोन मॉनिटरच्या तारा, एक मोडका कीबोर्ड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ४० गिगाबाइटची जुन्या रुंद पट्टीची आयडीई डिस्क होती. तिच्यावर निळ्या बॉलपेनने लिहिले होते, "कार्डे २००४".

त्या दोन शब्दांचा अर्थ बाईंना लगेच कळला. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेतून बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले, तेव्हापासून या शहरातल्या वाचनालयांना कार्ड-सूचीचे महत्त्व सांगावे लागत नाही. आमच्या वाचनालयातही लाकडी खणांतली कार्डे होती आणि २००४ मध्ये एका विश्वस्त काकांच्या पुढाकाराने त्यांतले प्रत्येक कार्ड टंकून घेतले गेले होते. पुढे नवी सूची तयार झाली तेव्हा त्यातून फक्त लेखक, शीर्षक आणि दाखल-क्रमांक एवढेच उचलले गेले. कार्डांवरचे शेरे मागे राहिले आणि लाकडी खण नंतर निकालात निघाले.

डिस्कवर रायझरएफएस होती. ती का निवडली असावी हे आतले पाहताच कळले. प्रत्येक कार्डाची एक स्वतंत्र मजकूर-फाइल होती आणि अशा फाइली चाळीस हजारांच्या आसपास होत्या. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक अक्षर-चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे कार्डावरचा सव्वाशे चिन्हांचा मजकूर चारशे बाइटांच्या आत बसतो. ४०९६ बाइटांचे ठोकळे वापरणाऱ्या साध्या फाइल सिस्टीमवर तेवढ्या मजकुरालाही पूर्ण ठोकळा लागतो आणि चाळीस हजार फाइली १६० मेगाबाइट अडवतात. रायझरएफएस अशा लहान फाइली आणि मोठ्या फाइलींची शेपटे एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी बांधते, म्हणून तोच मजकूर त्याच्या दशांश जागेत मावतो. म्हणजे ज्याने ही डिस्क तयार केली त्याने कामाला नेमकी शोभणारी वस्तू निवडली होती. एखाद्या फाइल सिस्टीमला आज कालबाह्य म्हणताना तिच्या काळी ती का योग्य होती हे माहीत असले, तर तिच्यातला ऐवज कुठे शोधायचा हेही कळते. छोट्या फाइलींचा ढीग जिथे असेल तिथे रायझरएफएस सापडण्याचा संभव अधिक.

मी सहज म्हणून एक फाइल उघडली. दाखल-क्रमांक, लेखक, शीर्षक, पृष्ठे १९६, आणि खाली एक ओळ: "मुखपृष्ठ फाटलेले. पाने ४१ ते ४४ नाहीत. बांधणी दिवाळीनंतर." बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पुढची वीस-पंचवीस कार्डे त्यांनी मोठ्याने वाचली. कोणत्या प्रतीत कोणती पाने नाहीत, कोणते पुस्तक कोणी भेट दिले, कोणत्यावर हाताने दुरुस्त्या आहेत, ही माहिती संस्थेत दुसरीकडे कुठेही नव्हती. आणि आमचे ६.१२ या कर्नेल-आवृत्तीवरचे काम पुढे सरकून वर्षभरात आम्ही त्यापुढच्या कर्नेलवर गेलो असतो, तर ही डिस्क आमच्याकडच्या एकाही यंत्राला वाचता आली नसती. कर्नेलने तक्रारही केली नसती. रचना ओळखता येत नाही एवढाच निरोप मिळाला असता आणि डिस्क खराब झाली समजून आम्ही ती भंगारात दिली असती.

प्रत काढण्याची पद्धत सांगतो, कारण येथे घाई नडते. डिस्क आम्ही थेट माउंट केली नाही. नुसते वाचण्यासाठी माउंट केली तरी जर्नल ठेवणारी फाइल सिस्टीम अपुरे राहिलेले व्यवहार पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहू शकते, आणि वीस वर्षांच्या डिस्कवर एकही अक्षर लिहायचे नव्हते. प्रथम डीडीरेस्क्यू या, बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घेतली. ती तीन वेळा थांबली, शेवटी थोडे खंड वाचता आले नाहीत, पण ते रिकाम्या जागेतले निघाले. मग त्या प्रतिमेची दुसरी प्रत करून ती दुसरी प्रत ६.१ कर्नेल असलेल्या यंत्रावर माउंट केली. सहकाऱ्याने दुरुस्तीच्या साधनाने अंतर्गत वृक्ष, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची फांद्यांसारखी अनुक्रमणिका, नव्याने बांधण्याचे सुचवले होते. मी नको म्हटले. त्या डिस्कवर दुसऱ्या एका रायझरएफएस विभागाची प्रतिमा फाइल म्हणून ठेवलेली होती, आणि वृक्ष नव्याने बांधणारे साधन अशा आतल्या प्रतिमेतले तुकडे बाहेरच्या रचनेचेच समजून मिसळून टाकू शकते. नुसती तपासणी केली, ती निर्दोष आली. फाइली तारखा व मालकीसह एक्स्ट-४ वर उतरवून घेतल्या, दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलीचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) ताडून पाहिला. व्यापलेली जागा अर्थातच दहापट झाली. आज तिची किंमत नगण्य आहे.

एप्रिलमध्ये प्रत्यक्ष बांधणी सुरू झाली. जुन्या डिफकॉन्फिगवरूनच प्रथम ६.१२ बांधायचे, ते चालते हे पाहायचे आणि मग ओळी वगळायच्या असा क्रम ठरला. बांधणीत एकही इशारा आला नाही. चाचणीच्या यंत्रावर सारे सुरळीत दिसले. सोमवारी सकाळी वाचनकक्ष उघडला तेव्हा बाराही संगणकांवर स्कॅन केलेल्या पुस्तकांचे सामाईक फोल्डर रिकामे होते.

ते फोल्डर सर्व्हरवर असते आणि वाचकाने त्याला हात लावताच आपोआप जोडले जाते. ही जोडणी कर्नेलमधल्या ऑटोएफएसवर अवलंबून आहे. नोंदी पाहिल्या तर यंत्रावर ऑटोएफएसची उपकरण-फाइलच नव्हती. आमच्या डिफकॉन्फिगमध्ये मात्र ऑटोएफएस-४ ची ओळ होकारासह स्पष्ट दिसत होती. खुलासा असा, की २०१८ मध्ये, ४.१८ आवृत्तीत, ऑटोएफएस-४ चे नाव बदलून नुसते ऑटोएफएस करण्यात आले आणि जुन्या मांडण्या मोडू नयेत म्हणून जुने नाव काही काळासाठी ठेवण्यात आले. जुने नाव निवडले की नवे आपोआप निवडले जाई. एक-दोन आवृत्त्यांत ते जाईल असे तेव्हाच लिहून ठेवलेले होते, प्रत्यक्षात ते पाच वर्षे टिकले. ६.१ मध्ये ते होते, ६.१२ पर्यंत ते गेलेले होते. आणि कर्नेलची मांडणी वाचणारी केकॉन्फिग ही व्यवस्था अनोळखी नावाची ओळ दिसली तर ती निमूटपणे गाळते. आमची ओळ फाइलीत होती, पण तिला अर्थ उरला नव्हता. चाचणीच्या यंत्रावर दोष दिसला नाही, कारण त्या यंत्रावर सामाईक फोल्डर मी पूर्वीच कायमचे जोडून ठेवले होते. ही चूक सर्वस्वी माझी होती. वाचकांची जवळजवळ तीन तासांची गैरसोय झाली, त्यांत परीक्षेसाठी जुने अंक पाहायला आलेले दोन विद्यार्थी होते.

त्या दुपारी आम्ही काम थांबवले आणि पद्धत बदलली. अनोळखी नावांबद्दल इशारा द्यायला सांगणारा एक पर्याय केकॉन्फिगमध्ये आहे, तो पर्यावरण-चलाने, म्हणजे आज्ञेआधी ठरवून दिलेल्या एका किमतीने, चालू करावा लागतो. तो चालू करताच आमच्या फाइलीतल्या चौदा ओळी मृत निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या, कुठल्या तरी जुन्या नेटवर्क कार्डाच्या वगैरे. पण या पर्यायालाही मर्यादा आहे. तो पूर्ण गेलेली नावे दाखवतो. जे नाव अजून शिल्लक आहे आणि ज्याच्या मागची वस्तू बदलली आहे ते तो दाखवू शकत नाही.

एक्स्ट-३ ची गोष्ट तशीच होती, आणि या सबंध प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तो आहे. एक्स्ट-३ चा स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा कोड, २०१५ मध्ये, ४.३ आवृत्तीत, कर्नेलमधून काढला गेला, कारण एक्स्ट-४ चा ड्रायव्हर एक्स्ट-३ च्या डिस्क उत्तम हाताळतो. पर्यायाचे नाव मात्र मागे ठेवले गेले. ते निवडले की एक्स्ट-४ निवडली जाते, एवढेच त्याचे काम उरले. आमच्या यादीत एक्स्ट-३ कालबाह्य म्हणून पहिल्या दिवसापासून खुणावलेली होती आणि तिची ओळ पुसायला आम्ही अगदी तयार होतो. ऑटोएफएसचा धडा ताजा असल्याने सहकाऱ्याने प्रत्येक ओळीमागे काय निवडले जाते हे पाहायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आमच्या डिफकॉन्फिगमध्ये एक्स्ट-४ ची ओळच नाही. २००८ मध्ये ती असण्याचे कारण नव्हते, नंतर कोणी ती घातली नाही, आणि एक्स्ट-४ सतत चालत राहिली ती केवळ त्या मृत नावाच्या आधाराने. ओळ पुसली असती तर वाचनकक्षातल्या यंत्रांची स्थानिक साठवण, जी एका लहान एक्स्ट-४ विभागावर नेटवर्कमार्गे दिली जाते, बाराही ठिकाणी एकदम बंद पडली असती. आम्ही प्रथम एक्स्ट-४ ची ओळ घातली, बांधणी करून पाहिली, आणि मगच एक्स्ट-३ ची काढली. ते जुने नावही २०२५ मध्येच मुख्य कर्नेलमधून काढून टाकण्यात आले, त्यामुळे पुसण्याचा प्रश्न आम्ही टाळला असता तरी तोच प्रसंग पुढच्या आवृत्तीत आमच्या पुढ्यात आला असता.

एक्स्ट-२ चे काम सोपे झाले. २०२४ च्या ६.९ आवृत्तीपासून तिचा जुना ड्रायव्हर नापसंत ठरवलेला आहे. तो मांडणीतून काढला की एक्स्ट-४ चा ड्रायव्हर एक्स्ट-२ च्या डिस्कही आपल्याकडे घेतो, त्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि जुना ड्रायव्हर बंद असेल तर तो आपसूक चालू राहतो. येथे एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते. ड्रायव्हर बदलल्याने डिस्कवरची रचना बदलत नाही. सर्व्हरच्या लहान बूट-विभागाच्या आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, आकार १२८ बाइट निघाला, आणि तेवढ्या आयनोडमध्ये वेळेसाठी ३२ बिटांहून अधिक जागा नसते. तो विभाग माउंट होताना कर्नेल दर वेळी स्वतःहून सांगत होते की येथील तारखा १९ जानेवारी २०३८ पर्यंतच चालतील. आपल्या घड्याळाने तो क्षण त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांचा आहे. हा निरोप मी कित्येक महिने नोंदींत पाहत होतो आणि ओलांडून जात होतो. २५६ बाइटांच्या आयनोडमध्ये तीच फाइल सिस्टीम २४४६ सालापर्यंतच्या तारखा ठेवू शकते. विभाग लहान असल्याने आयनोड वाढवण्याऐवजी त्यातले सामान बाहेर काढून तो नव्याने तयार केला, अर्ध्या तासात काम झाले. एक्सएफएसच्या सर्व्हर-विभागाचे तसे नाही. तो जुन्या चौथ्या स्वरूपातला आहे, त्याचा आधार सप्टेंबर २०२५ पासून मूळ मांडणीत बंद आणि सप्टेंबर २०३० मध्ये पूर्ण बंद असे कर्नेलच्या दस्तऐवजात जाहीर झालेले आहे. जागच्या जागी पाचव्या स्वरूपात नेण्याची सोय नसल्याने सर्व माल दुसऱ्या डिस्कवर हलवावा लागेल. त्यासाठीच्या डिस्कची मागणी विश्वस्तांकडे गेली आहे.

मिनिक्स, सिस्टीम फाइव्ह, क्रॅमएफएस, एचएफएस आणि जेएफएस यांची एकही डिस्क संस्थेत नव्हती, त्या विनाचर्चा गेल्या. जुना एनटीएफएस ड्रायव्हर मुख्य कर्नेलमधून ६.९ मध्येच गेलेला होता. त्याच्या जागी ५.१५ पासून असलेल्या एनटीएफएस-३ ची ओळ तिच्या स्वतःच्या नावाने घातली, कारण पर्यायी नावावर विसंबायचे नाही असे आता ठरले होते. रायझरएफएसची ओळ सर्वांत शेवटी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढली. तत्पूर्वी कार्डांच्या फाइली नव्या सूचीला जोडल्या गेल्या आहेत आणि शेरे वाचकांना दिसतात, याची खात्री बाईंनी स्वतः केली. मूळ डिस्क फेकली नाही. तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, की हिची फाइल सिस्टीम रायझरएफएस असून ती वाचायला ६.१२ किंवा त्याआधीचे कर्नेल लागते, आणि असे कर्नेल असलेल्या आभासी यंत्राची प्रत सर्व्हरच्या अमुक फोल्डरमध्ये आहे. डिफकॉन्फिगमध्येही आता प्रत्येक बदलाच्या नोंदीत ओळ का काढली, त्या प्रकारच्या डिस्क कुठे शोधल्या आणि काय सापडले हे तीन वाक्यांत लिहिले जाते.

एचएफएस प्लसबद्दल आमचे आपसांत पूर्ण एकमत झालेले नाही. डिजिटायझेशनच्या खोलीतल्या त्या दोन डिस्क बाहेरून काम करून देणाऱ्या छायाचित्रकाराच्या मॅकच्या आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्या येतात. वाचनकक्षाच्या यंत्रांतून एचएफएस प्लस काढली हे योग्यच झाले, तिथे तिचा संबंध नाही. डिजिटायझेशनच्या यंत्रासाठी वेगळी मांडणी करून तिथे ती ठेवावी असे माझे मत आहे. सहकाऱ्याचे म्हणणे असे, की छायाचित्रकारांना डिस्क एक्सफॅटमध्ये आणायला सांगावे आणि विषय मिटवावा, कारण एचएफएस प्लस कित्येक वर्षे कर्नेलमध्ये वालीविना पडून होती. त्याचे म्हणणे तेव्हा बरोबर होते, परंतु २०२५ मध्ये तिला पुन्हा देखभाल करणारे मिळाले आहेत आणि जुन्या दोषांवर काम सुरू झाले आहे. तूर्त ती त्या एका यंत्रावर आहे, आपोआप माउंट होत नाही, हाताने आज्ञा देऊन फक्त वाचण्यासाठी जोडावी लागते, आणि पुढच्या दीर्घ आधाराच्या कर्नेलकडे जाताना तिचा विचार पुन्हा करायचा असे विश्वस्तांच्या बैठकीत ठरले आहे.